कृपा : बहात्तर

नळदुर्गच्या स्टँडमागं, बॅटरीच्या दुकानावर माझी खोली.
इथं बसून मी देव लिहितो.
पुण्याची कंपनी शब्दावर पैसे देते,
देवाचे वेगळे, राक्षसाचे वेगळे.

आतापर्यंत चार झाले :
विजेची धाकटी बहीण,
विहिरीच्या तळाशी राहणारा एक बहिरा,
एक जो फक्त उधारीवर वर देतो,
आणि चौथी, जिला तोंड नाही, नुसता हात आहे
नायकाच्या खांद्यावर ठेवायला.

प्रत्येकाच्या डोक्यावर एक पट्टी. कृपा : शून्य ते शंभर.
काळं कोंबडं दिलं की सातानं वाढते,
नवस विसरला की तेविसानं उतरते.
नव्वदच्या वर तलवार आपोआप पेटते,
दहाच्या खाली नदीला उतार सापडत नाही.
नकाशा मी इथलाच उचलला :
बोरीचं पाणी, नर-मादी, उपळी बुरूज.
बुरुजावर शेवटचा राक्षस,
त्याचा भाव अजून ठरायचाय.

नायक मेंढपाळाचा पोरगा.
बाराव्या वर्षी तळहातावर खूण उमटते,
निळी, जळती.
गाव जमतं. म्हातारे म्हणतात, हाच.
(इथं खेळणाऱ्याच्या अंगावर काटा यावा,
असं कंपनीनं लिहून दिलंय.)

सोजरआत्या मंगळवारची आली.
परडी उंबऱ्याशी टेकवली, तांब्याभर पाणी प्यायली,
माझ्या मागं उभी राहून बघत राहिली.
"हाच म्हंजी? कोण म्हणतंय?"
"देव."
"देव बोलला, का गाव बोललं?"

मी चित्र थांबवलं.

आत्याच्या डाव्या कानामागं जट आहे,
मनगटाएवढी, हळदीनं पिवळी पडलेली.
अकराव्या वर्षी आली.
विंचरायचा कंटाळा करते कार्टी, तिची आई म्हणाली.
दुसऱ्या दिवशी म्हणायची बंद झाली.
गाव जमलं. संबळ. पोत.
गळ्यात कवड्यांची माळ पडली तेव्हा
ती ठिकरीच्या पाचव्या घरात
एका पायावर उभी होती.
तेव्हापासून पाच घरंच चालू आहेत,
मंगळवारी, शुक्रवारी,
पीठ, मीठ, कधी नुसतं "पुढं जा".

तलवार पेटली नाही कधी.
नदीला उतार मात्र
तिचा तिनं शोधला, दरवेळी.

"तुला राग नाही येत देवीचा?"
"देवी वाईट न्हाई रं.
तिला इचारायची सवय न्हाई, येवढंच."

मग जरा वेळानं, पडद्यावर बोट ठेवून :
"ह्या पोराला नको म्हणता येतंय का?"

रात्री मी तिसरं उत्तर लिहिलं.
हो, आज्ञा, आणि खाली बारीक अक्षरात : नको.
कंपनीचा निरोप आला सकाळी,
नको म्हटलं तर गोष्ट तिथंच संपते,
उरलेल्या चाळीस तासांचं काय करायचं?
मी म्हटलं, काढतो.
काढलं नाही.

शुक्रवारी आत्यानं चष्मा पुसला,
खूण उमटली, गाव जमलं,
तिनं अंगठ्यानं दाबलं : नको.
चारही देव गप्प.
बहात्तरवर आलेली पट्टी तिथंच थांबली,
ना चढली, ना उतरली.
त्या हाताला खांदा सापडेना,
तो तसाच हवेत राहिला.

"आता त्यो काय करतोय?"
"काही नाही. घरी जातो."
"कुठाय घर?"

चार देवळं होती, सात गुहा, एकोणीस बुरूज,
एक बाजार, जिथं फक्त शस्त्रं मिळतात.
घर कुणी काढलंच नव्हतं.
पोरगा माळावर उभा, खूण विझलेली,
मेंढरंसुद्धा सुरुवातीच्या चित्रापुरतीच होती.

चित्रं काढणारी फिरदौस नांदेडला असते.
तिला लिहिलं : एक खोली हवी. दार. चूल.
तिनं विचारलं, तिथं काय मिळतं खेळणाऱ्याला?

आत्या परडी उचलत होती.
"भाकरी म्हणून लिव," ती म्हणाली,
"आन् एक फणी ठेव फळीवर."